मोरपंखी, मॅट

उपळेकरांची स्विफ्ट परत आलीय.
पाच वर्षांपूर्वी टेल्कोतून रिटायर झाले
त्याच आठवड्यात पांढरी घेऊन आले होते. म्हणाले,
जन्मभर पांढरा शर्ट घातला, आता गाडी तरी.
कॅटलॉग दोनदा पुढून, एकदा मागून चाळला
आणि बोट ठेवलं: मोरपंखी, मॅट.
सोसायटीत कुणीतरी विचारलं म्हणे,
मुलाचं लग्न काढलंय का?
हे म्हणाले, नाही, माझं.

आता विकायचीय. गिऱ्हाईकाला पांढरीच हवी.
"लावता तसं काढता पण ना तुम्ही?"
काढतो.

वारजे पुलाच्या अलीकडे, सर्व्हिस रोडला आपलं शटर.
समोरून सिमेंटचे मिक्सर जातात दिवसभर,
म्हणून आधी फरशीवर पाणी मारायचं,
पंखा बंद, मे महिना असला तरी बंद,
आणि कुणी शिंकायचं नाही.
एक कण फिल्मखाली राहिला
की गिऱ्हाईकाला तो दिसतो. रोज.
बाकीची गाडी दिसत नाही, तोच दिसतो.

मोहसीनला हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं.
बागवानांचा मोहसीन, मंडईतून आलेला,
आंबा न दाबता सांगायचा, आज की परवा.
पहिल्याच आठवड्यात ब्लेडनं अंगठा कापून घेतला,
उभा, नखापासून पेरापर्यंत,
आणि आधी काय विचारलं तर,
फिल्मला रक्त लागलं का हो?

बाकीचं मी शिकवलं.
हँडल खोलून ठेवायची, स्क्रू वाटीत.
पेंटवर ब्लेड टेकलं तर हात मोडीन.
आणि आरशाचा कोपरा:
तापवून ओढलंस की बसतं,
बसतं म्हणजे बसल्यासारखं दाखवतं.
या मटेरियलला आठवण असते, बाबा.
रात्री गाडी गार पडली की हळूच मागे सरकतं,
कारखान्यातून निघालं तेव्हाचं
सपाट व्हायला बघतं.
म्हणून शेवटी परत तापव.
हात लावता येणार नाही इतकं.
तेव्हा कुठे विसरतं.

आज बॉनेटपासून धरलं.
हीट गन, एक टोक नखानं,
मग तिरकं, संथ, घाई केली तर गम खाली राहतो.
आत पांढरं. शोरूमची पूजा कालच झाल्यासारखं.
उपळेकर खुर्चीतून उठले, वाकून बघितलं,
"हा तर मजेत होता की खाली,"
आणि परत पेपरात गेले.

डाव्या आरशाचा कोपरा तेवढा निघेना.
अख्खं दार दहा मिनिटांत,
तो दोन बोटांचा तुकडा अर्धा तास.
शेवटी आला, गमासकट.
उजेडात धरला तर गमात अंगठा:
गोल गोल रेषा, आणि मधून एक सरळ, उभी.

गमाला बोट लावायचं नाही म्हणून शंभरदा सांगितलं होतं.

मोहसीनचं दुकान आता समोरच, रस्त्याच्या पलीकडे.
छताला षटकोनी लाईट. एसी. माझ्यापेक्षा दोन हजारानं स्वस्त.
आम्ही एकमेकांकडे बघत नाही.
मध्ये दुभाजक आहे, कण्हेर लावलीय पालिकेनं,
ते एक बरं केलं.

ही फिल्म भंगारवालाही घेत नाही.
चुरगाळून पोत्यात भरली, चार-पाच किलो मोर.
तो कोपरा मात्र मीटरच्या खोक्यावर दाबला.
गम अजून धरतो.

उपळेकरांनी पैसे मोजून दिले, वरच्या चाळीस रुपयांसकट.
दार उघडलं.
चौकटीची आतली कड पांढरी होती, पहिल्यापासूनच;
तिथे लावायचे वेगळे पैसे पडतात, तेव्हा लावलंच नव्हतं.
"रोज बसताना दिसायचं हे," ते म्हणाले,
"मला वाटायचं, विसरलात तुम्ही."